ओळीच्या शेवटची रिकामी जागा

निवडणूक जवळ आली की अजूनही कुणीतरी दार वाजवतं. "बाई, दोन ओळी द्या ना, तुमच्या त्या जुन्या गाण्यांसारख्या. लोकांच्या तोंडात बसल्या पाहिजेत." मी सांगते, माझ्याकडची यमकं संपली. ते हसतात, म्हातारी मजेशीर आहे म्हणतात आणि जिना उतरून जातात. मी मजा करत नसते. लोकांच्या तोंडात बसलेली ओळ पुन्हा बाहेर काढता येत नाही, हे त्यांना सांगायचं माझ्या अगदी जिवावर येतं. त्यांना चहा विचारायचाही मला कंटाळा येतो.

साठ-सत्तरच्या दशकात आम्ही घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी एका दुमजली चाळीत राहत होतो. मी शाळेत मराठी शिकवायचे. सातवीचे वर्ग माझ्याकडे असत, आणि सातवीला अलंकार असत. सकाळभर फळ्यावर उपमा, अनुप्रास, यमक, अतिशयोक्ती लिहून हात पांढरा झालेला असायचा. हे आग्रा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होते आणि युनियनच्या कमिटीवर होते. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं त्याच कारखान्यातली होती. युनियनचं एक कलापथक होतं: डफ, तुणतुणं, ढोलकी आणि मागे झील धरणारे तिघंचौघं. त्यांची तालीम आमच्या चाळीच्या चौकात व्हायची. त्यांना गाणी लिहून देणारं कुणी नव्हतं, आणि ह्यांच्या घरात मराठीची बाई फुकट पडलेली होती.

पहिलं गाणं मी भुजंगप्रयातात लिहिलं. एकही गण चुकला नव्हता. दोन ठिकाणी तर असा अनुप्रास साधला होता की माझी मीच खूश होते. गेटसमोर ते म्हटलं गेलं तेव्हा कामगार सत्यनारायणाच्या पोथीला बसल्यासारखे बसले होते. संपल्यावर एकाने हातसुद्धा जोडले. आमचा शाहीर मालवणकडचा, लेथवर काम करणारा, गळा खणखणीत. तो संध्याकाळी दारात येऊन म्हणाला, "वयनी, तुमचा सगळा बरा आसा, पण पब्लिक झोपता त्याचा काय?"

मला राग आला होता. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. पण पुढच्या वेळी त्यालाच समोर बसवून लिहिलं. तो लिहायला कच्चा होता, पण कुठली ओळ गेटवर चालेल हे त्याला ऐकताक्षणी कळायचं. शेवटचा शब्द असा हवा की ओरडताना तोंड उघडं राहील. शत्रू एकच हवा आणि तो दिसायला हवा. आमच्या कारखान्याचा मॅनेजर खरं तर काटकुळा होता, पोटाच्या दुखण्याने नुसता दहीभात खायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्याला गाण्यात ढेरपोट्या केला. प्रत्येक कडव्यात त्याची ढेरी वाढत गेली आणि प्रत्येक कडव्याला हशा वाढत गेला. कुणीही म्हणालं नाही की बाई, हे खोटं आहे. वर्गात मी अतिशयोक्ती शिकवतच होते. अतिशयोक्ती म्हणजे खोटं नव्हे, असं मी मुलांना बजावून सांगायचे.

रिकाम्या जागेचा शोध अपघातानेच लागला. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी येईना, म्हणून बायकांनी वॉर्ड ऑफिसवर हंडे घेऊन मोर्चा काढला होता. मी लिहिलं होतं:

आमच्या नळाला थेंब नाही, हंडे पडले उपडे,
साहेबाच्या बंगल्यात धुतात कुत्र्याचेही कपडे!

शाहिराला 'कुत्र्याचेही' म्हणता म्हणता ठसका लागला. तो थांबला, आणि समोरच्या दोनशे बायका एका आवाजात ओरडल्या, "कपडे!" त्यांनी ते गाणं आधी कधी ऐकलेलं नव्हतं. उपडेला कपडे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. त्या क्षणी त्या बायकांचे चेहरे असे काही उजळले की मी बघतच राहिले. ओळ आता माझी नव्हती, त्यांची झाली होती.

मला हे आधीच सुचायला हवं होतं. मी शिक्षिका. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत मी पहिला प्रश्न तोच घालायचे: रिकाम्या जागा भरा. मग मी गाणीही तशीच लिहू लागले. प्रत्येक कडव्याच्या शेवटी शाहिराने थांबायचं, डफावर एक थाप मारायची आणि लोकांकडे बघायचं. पहिल्या ओळीचं यमक इतकं सरळ ठेवायचं की दुसरा शब्द सुचूच नये. झकास चालायचं. मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतच्या गेटांवरून आम्हाला बोलावणी येऊ लागली. लोकांना वाटायचं आपणच कवी आहोत. मलाही वाटायचं की हीच खरी लोकांची कविता. मी तेव्हा तिशीत होते, आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

आमच्या दोन दारं पलीकडे एक बिऱ्हाड होतं. तो गृहस्थ त्याच कारखान्यात भट्टीवर होता. उष्णतेने त्याच्या भुवया कायम जळलेल्या असायच्या, त्यामुळे चेहरा नेहमी आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. बोलायला अगदी कमी. पण कलापथकात झील धरायला उभा राहिला की 'जी जी रं जी'ला त्याचा आवाज सगळ्यांच्या खाली जमीन धरून असायचा. त्याची बायको माझी मैत्रीण. एकमेकींच्या चुलीवरचं कालवण चाखण्याइतकी. त्यांची थोरली मुलगी माझ्याच वर्गात सातवीत होती. शांत, बापासारखीच, आणि अक्षर असं की मी तिची वही दुसऱ्यांना दाखवायचे.

मग तो संप झाला. पावसाळा संपता संपता सुरू झाला आणि थंडी आली तरी मिटेना. सगळे जण पाळीपाळीने गेटवर ठिय्या देऊन बसायचे. चाळीत दिवसाढवळ्या इतके पुरुष कधी दिसले नव्हते. त्यांचे कपडे मात्र इतके स्वच्छ कधीच नव्हते. ना तेल, ना काजळी. गॅलरीत ओळीने पांढरे सदरे वाळत असायचे.

एकाच घरातले कपडे गॅलरीत येईनासे झाले. मी सहज विचारलं तेव्हा मैत्रिणीने मला आत ओढलं. खोलीत दोरी बांधली होती आणि दोरीवर नवऱ्याचे कपडे, गळ्याशी काळेभोर. ती कुजबुजत म्हणाली, "कुणाला बोलू नको हां. कमिटीनेच पाठवलंय त्यांना. भट्टी एकदा गार पडली ना, तर आतल्या विटा तडकतात. मग संप मिटला तरी तीन-तीन महिने काम नाही कुणाला. म्हणून हे मागच्या गेटने जातात, विस्तव राखतात, परत येतात. पण कमिटीने सांगितलंय, वाच्यता नको. कंपनीशी एवढंसुद्धा बोलणं झालंय असं कळलं तर पोरं बिथरतील."

रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं. ह्यांनी मान खाली घालूनच सांगितलं, "खरं आहे ते. तू गप्प राहा."

मी गप्प राहिले. गप्प राहणं सोपं होतं. पण दोनच दिवसांनी शाहीर आला, आणि त्याला मोठ्या सभेसाठी नवं गाणं हवं होतं. लोक थकले होते. काहींच्या मनात कामावर जायचं घोळत होतं. त्यांना धरून ठेवणारं काहीतरी हवं, असा कमिटीचा निरोप होता. मी रॉकेलच्या चिमणीशेजारी बसून कडवी लिहिली. शेवटच्यासाठी मला विरोध हवा होता, पुढे आणि मागे, ऊन आणि सावली, असं काहीतरी. ते कडवं एका दमात आलं:

पुढल्या दारी उन्हात बसले उपाशी मजूर,
मागल्या दारी हळूच शिरला कोण रं...

पुढे जागा रिकामी.

खोटं कशाला बोलू? लिहिताना मला तो आठवला होता. मागलं दार लिहिलं तेव्हाच त्याचा काळा गळा डोळ्यांपुढे आला. मी पेन खाली ठेवलं होतं. मग मनाला सांगितलं, हे कुणा एकाबद्दल नाहीच मुळी. संपात मागलं दार असतंच. ही नुसती विरोधाची जागा आहे. आणि यमक इतकं चपखल बसलं होतं की ते सोडवेना. दुसरं काही सुचतं का म्हणून मी अर्धा ताससुद्धा बसले नाही. हे मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. कमिटीचा दबाव होता, लोक हातातून चालले होते, हे सगळं खरं; पण मला ती ओळ आवडली होती, हे जास्त खरं.

सभा सकाळी गेटवर झाली. मला शाळेला सुट्टी होती, मीही गेले. शाहिराने 'कोण रं' म्हणून डफावर थाप मारली आणि तो थांबला. हजार माणसांनी शब्द टाकला, "फितूर!" शाहिराने पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा टाकला. तिसऱ्या वेळेला कुणीतरी ओरडलं, "अरे, तो भट्टीवाला रे! मी बघितलाय त्याला!" आणि चौथ्या वेळेला तो शब्द हवेत राहिला नाही, त्याला घर मिळालं. झील धरणाऱ्यांमधली त्याची जागा तीन महिने रिकामीच होती. तीसुद्धा त्या दिवशी सगळ्यांना दिसली.

संध्याकाळपर्यंत चाळीतली पोरं टाळ्या वाजवत ते म्हणत होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर कोळशाने तो शब्द लिहिलेला होता. नळावर माझ्या मैत्रिणीची बादली आली की बायका तिची बादली पायाने मागे सरकवायच्या. वाण्याकडे, गिरणीत, देवळात, सगळीकडे ते कडवं तिच्याआधी जाऊन पोचलेलं असायचं. तिचा नवरा त्याच वेळेला मान खाली घालून निघायचा आणि त्याच वेळेला परत यायचा. कमिटीने सांगितलं होतं वाच्यता नको, तर त्याने खरोखर केली नाही. असली माणसं असतात. त्यांच्या जिवावर आपण गाणी लिहितो.

मी ह्यांच्याशी भांडले. घरात इतकं भांडण आधी कधी झालं नव्हतं. "उद्याच्या उद्या गेटवर सांगा की त्याला तुम्ही पाठवलंय!"

"संप मिटू दे," हे म्हणाले.

"आणि तोवर?"

"आणि तू एवढी का पेटलीयेस? तू लिहिलास का तो शब्द? नाही ना? लोकांनी म्हटला."

हे मला धीर द्यायला म्हणाले होते. वाईट एवढंच, की मला खरोखर धीर आला. मग मी तेच वाक्य धरून बसले. शाळेत जाताना, भाजी निवडताना, अंगावर पाणी घेताना मनातल्या मनात म्हणायचे, तो शब्द माझा नाही. वहीत बघा, तिथे तीन टिंबं आहेत.

मैत्रीण एकदाच आली. उंबऱ्यातच उभी राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही. "तुला माहीत होतं," एवढंच म्हणाली. मी ते टिंबांचं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती गेली. त्यानंतर तिच्या चुलीवरचं कालवण मी कधी चाखलं नाही.

होळीच्या आधी संप मिटला. सगळं नाही तरी बरंच पदरात पडलं. भट्टी गरम होती म्हणून आठवड्याच्या आत कारखाना पुरा चालू झाला, आणि तो कशामुळे झाला हे कुणी कुणाला विचारलं नाही. युनियनच्या निवडणुका तोंडावर होत्या. कमिटी आता म्हणू लागली, जुनं कशाला उकरायचं? मग मी ठरवलं, ज्या तोंडाने गेलं त्याच तोंडाने परत आणायचं. विजयाच्या सभेसाठी मी एक कडवं जास्त लिहिलं आणि शाहिराला शपथ घातली की हे म्हणायचंच. त्याला सगळं सांगितलं. "वयनी, माझ्याच तोंडान केलंय मी ह्या," म्हणाला, आणि कडव्याचा कागद मागून घेतला.

कडवं असं होतं:

राखली ज्यानं भट्टी तोही आपल्यातला मजूर,
चुकलो आम्ही सारे, दादा, माफी करा...

पुढे लोकांनी 'मंजूर' म्हणायचं होतं. इतकी वर्षं हा धंदा करूनही मला कळलं नाही की तेच यमक पुन्हा वापरायचं नसतं. सभेला गुलाल उधळला होता, पेढे वाटले जात होते, माणसं दोन वेळा पोटभर जेवली होती. शाहीर 'माफी करा' म्हणाला, थाप मारून थांबला, आणि हजार माणसं आनंदाने, सवयीने ओरडली, "फितूर!" मग हशा झाला. शाहीर हात वर करून सांगत राहिला, "अरे आयका, आयका रे!" पण ढोलकीने दुसरं गाणं धरलं होतं. मी त्या दिवशी गेटवरून चालत घरी आले. खुलाशाला टाळी पडत नाही, एवढं शहाणपण घेऊन आले.

मार्चमध्ये सातवीची चाचणी होती. प्रश्नपत्रिका मीच काढली होती, फार आधी, आणि सवयीने लिहिलं होतं: यमक अलंकाराचं एक उदाहरण द्या, गुण दोन. पेपर तपासायला घरी आणले. पहिला उघडला, त्यात तेच कडवं. दुसऱ्यात पाठ्यपुस्तकातलं, तिसऱ्यात पुन्हा तेच. निम्म्याहून जास्त मुलांनी माझं कडवं लिहिलं होतं, शेवटच्या शब्दासकट, काहींनी तर त्या शब्दाखाली रेघ मारून. यमक बरोबर होतं. मी प्रत्येकाला दोन गुण दिले. दुसरं काय करणार होते?

मैत्रिणीच्या मुलीचा पेपर मधेच कुठेतरी आला. तेच सुंदर अक्षर. तिनेही तेच कडवं लिहिलं होतं. पहिली ओळ पूर्ण, दुसरी 'कोण रं'पर्यंत. आणि पुढे पट्टीने आखलेली एक आडवी रेघ, वर काही नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. सोपं होतं, पाठ्यपुस्तकातलं दुसरं कुठलंही लिहिता आलं असतं तिला; दहा उदाहरणं तिला पाठ होती. तिने मुद्दाम हेच लिहिलं होतं आणि जागा मला परत केली होती. मी ढसाढसा रडले. मग तोंड धुऊन आले आणि समासात लिहिलं, दोन.

पेपर वर्गात वाटले तेव्हा तास संपल्यावर ती टेबलाशी आली. बाकीची मुलं बाहेर पळाली होती. तिने पेपर माझ्यापुढे ठेवला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

"बाई, इथे तुम्ही दोन मार्क दिलेत."

"हो. उदाहरण बरोबर आहे तुझं."

"नाही बाई. शेवटचा शब्दच नाही. शब्द नसेल तर यमक होत नाही, तुम्हीच सांगितलंय."

"मला कळलं तुला काय म्हणायचं होतं," मी म्हणाले.

"मी काहीच म्हटलं नाही, बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग बोट न हलवता, "सगळ्यांनी म्हटलं."

ते वाक्य माझं होतं. तीन महिने मी ते जपून ठेवलं होतं, आणि ते बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकल्यावर पहिल्यांदा कळलं की ते किती नीच आहे. मला तिची माफी मागायची होती. शब्द समोर होते, साधे होते, यमकाची गरजही नव्हती. पण ती बोट तसंच ठेवून उभी होती, आणि मी शिक्षिका होते, आणि वर्ग रिकामा होता. मी लाल पेन उचललं, दोनावर काट मारली आणि त्याच्या खाली शून्य लिहिलं.

तिने पेपर घेतला, पहिल्या पानावरची बेरीज स्वतः करून पाहिली आणि मला दाखवली. "आता बरोबर आहे, बाई," म्हणाली.

मे महिन्यात ते लोक बोरिवलीच्या पलीकडे कुठेतरी राहायला गेले. दाखला न्यायला तिचा बाप शाळेत आला होता. मी जिन्यावरून त्याला पाहिलं. भुवया अजून उगवल्या नव्हत्या. मी खाली उतरेपर्यंत तो गेला होता, असं मी ह्यांना सांगितलं. खरं तर मी उतरलेच नाही.